कोण टाकत बसणार?

गेल्या महिन्यात भाची चार दिवस राहायला आली होती. एफ.वाय.ला आहे, स्टॅट्स म्हणजे संख्याशास्त्र घेतलंय, त्यामुळे घरात तिची आणि माझी एक वेगळी पार्टी आहे असं बाकीच्यांना वाटतं. रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली, मी खाली वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होते आणि ही दिवाणावर मांडी घालून जर्नल पूर्ण करत होती. एका कानात इअरफोन, दुसरा खाली लोंबतोय. पेन एका लयीत चाललं होतं. छा, का, का, छा, का, छा, छा, का. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, पहिलं प्रॅक्टिकल, नाणं दोनशे वेळा टाकायचं आणि छापा-काट्याची नोंद करायची. मी म्हटलं, मग नाणं कुठंय? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाटा-वरवंटा मागितला होता. "अगं मावशी, दोनशे वेळा कोण टाकत बसणार? शेवटी फिफ्टी-फिफ्टीच येणार ना."

पोरगी हुशार आहे. बरोब्बर शंभर-शंभर केलं तर संशय येईल हे तिला कळत होतं, म्हणून तिने एकशेतीन छापे आणि सत्त्याण्णव काटे केले होते. वही माझ्यापुढे धरली, कौतुकाने. मी वरून खाली एकदा नजर फिरवली. सलग तीन छापे चार-पाच ठिकाणी, सलग चार काटे एकदाच. त्यापुढे काही नाही. दहा सेकंदांत सांगता आलं असतं की हे नाणं कधी हवेत गेलेलंच नाही. पण मी "छान" म्हटलं आणि पुन्हा मेथीकडे वळले.

ते "छान" मला रात्रभर टोचत राहिलं.

कारण माझं स्वतःचं जर्नल. साल २००२, साताऱ्यातलं कॉलेज, हॉस्टेलची खोली, चौघीजणी आणि उद्या सबमिशन. एकीने आकडे रचायचे, बाकीच्या तिघींनी त्यात थोडं इकडचं तिकडं करून उतरवायचे, ही पद्धत आमच्या आधीच्या बॅचकडून चालत आली होती. रचण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं आणि "तुला गणितातलं कळतं". मी मन लावून रचलं. कुठे जास्त छापे झालेत असं वाटलं की दोन काटे घालायचे, कुठे फार नियमित दिसायला लागलं की मुद्दाम विस्कटायचं. स्वयंपाकात चव बघत मीठ घालतात तसं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझं पान पुढे ओढलं, लाल पेन घेतलं आणि छापे मोजायच्या ऐवजी भलतंच काहीतरी मोजायला लागल्या. प्रत्येक अक्षरावर पेनाचं टोक टेकवत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. शेवटी समासात आकडा लिहिला, ७१. आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नाणं टाकलंत?" आम्ही चौघी एका सुरात, हो मॅडम. "मग नाणं फार घाबरट होतं गं. दोनदा छापा पडला की लगेच काट्याकडे पळतंय."

मग त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. दोनशे टॉसमध्ये शेजारी-शेजारी अशा एकशे नव्याण्णव जोड्या. नाण्याला आधीचं काही आठवत नाही, म्हणजे दर वेळी तेच पुन्हा पडण्याची शक्यता निम्मी. तेव्हा जवळजवळ शंभर ठिकाणी आधीचंच पुन्हा पडायला हवं. प्रमाण विचलन, म्हणजे त्यात साधारण होणारा चढउतार, सात. माझ्या पानावर एकाहत्तर ठिकाणी. अपेक्षेपासून चार प्रमाण विचलनं लांब. "आणि सलग सहा किंवा त्याहून जास्त एकसारखे, ते तर दोनशेत साधारण तीन वेळा यायला पाहिजेत. तुमच्याकडे एकदाही नाहीत. सहा सलग लिहायला हात धजावत नाही ना? सगळ्यांचं तेच होतं." रागावल्या नाहीत. पर्समधून एक रुपया काढून कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, करा सुरू, मी चहा घेऊन येते.

ते नाणं मला अजून ऐकू येतं. कडप्प्यावर पडल्यावर आधी एक खणखणीत आवाज, मग भोवऱ्यासारखं फिरताना बारीक होत जाणारी घरघर, मग गप्प. साठाव्या-सत्तराव्या टॉसच्या आसपास छापा पडायला लागला तो थांबेना. चार, पाच, सहा. लिहिणाऱ्या मैत्रिणीचा हात थबकला. ती म्हणाली, "अगं नीट टाक की." मी म्हटलं, नीटच टाकतेय. सातवाही छापाच पडला. आम्ही चौघी त्या रुपयाकडे असं बघत होतो, जणू घरातलं गुणी पोर भर पाहुण्यांत शिवी देऊन बसलंय.

गणिताच्या वर्गात असं काही कधी झालं नाही. तिथे नाणं नव्हतंच, फळा होता आणि फळ्यावर ग्रीक अक्षरं. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा पोरींना दहावीपर्यंत मध्य, मध्यक, बहुलक ठाऊक होते. इथे एका जूनमध्ये सगळ्यांची नावं बदलली आणि वर 'लेट एप्सिलॉन ग्रेटर दॅन झिरो बी गिव्हन' हे वाक्य येऊन बसलं. पहिले दोन महिने मला एकच प्रश्न पडायचा, गिव्हन म्हणजे दिलेला, पण कुणी दिला? विचारायची सोय नव्हती, म्हणजे सरांनी मनाई केली होती असं नाही, माझ्याच घशात ते इंग्रजी जुळत नव्हतं आणि मराठीत विचारलं तर मागचे बाक हसतील ही भीती. शेवटी सरच एकदा कंटाळून मराठीत घसरले. म्हणाले, "असं समजा, समोर एक खट्याळ माणूस बसलाय. तो म्हणतो, मला उत्तर एवढ्या अंतराच्या आत पाहिजे. तो एप्सिलॉन. तुम्ही म्हणायचं, ठीक, मग तू एक्सला एवढ्या अंतराच्या आत ठेव. तो डेल्टा. तो अंतर कमी करत जाणार, तुम्ही दर वेळी उत्तर द्यायचं. एकदा जरी अडलात तर हरलात." मंडईतली घासाघीसच ती, फक्त गिऱ्हाईक कधीच उठून जात नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा लिमिट कळलं. परीक्षेत तरीही नापास झाले, ते वेगळं.

गणितवाले आम्हा स्टॅट्सवाल्यांना खालचे समजायचे. त्यांचं खरं असायचं ते कायमचं खरं. आमचं सगळं पंच्याण्णव टक्के. मेसच्या रांगेत एक गणितवाली म्हणायची, तुमचं शास्त्र म्हणजे "बहुतेक"चं शास्त्र. आम्ही चिडायचो, पण त्यावर हॉस्टेलभर एक विनोद आम्हीच सोडला होता. डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे किती आकड्यांना मोकळं सोडता येतं, किती? एन वजा एक. ते वजा एक म्हणजे रेक्टर.

दुसऱ्या वर्षी एस्टिमेशन, म्हणजे नमुन्यावरून अंदाज बांधणं, शिकवताना मॅडमनी एक गोष्ट सांगितली, ती त्या दर बॅचला सांगायच्या असं नंतर कळलं. १९४४ च्या सुमाराचं कलकत्ता विद्यापीठ. वर्गात संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव शिकवताहेत, पंचविशीही गाठलेली नाही. नमुना खूप मोठा असेल तर अंदाजातली चूक एका मर्यादेच्या खाली जाऊ शकत नाही, हा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशरचा निष्कर्ष ते सांगतात. बाकावरचा एक विद्यार्थी विचारतो, मोठ्या नमुन्याचं ठीक, पण लहान नमुन्याला अशी मर्यादा का दाखवता येऊ नये? राव घरी जातात, रात्रभर बसतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सिद्ध करून दाखवतात. १९४५ साली ते छापून आलं आणि आज जगभर क्रेमर-राव या नावाने शिकवलं जातं. विचारणारा विद्यार्थी होता वि. म. दांडेकर, पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमुळे अर्थतज्ज्ञ म्हणून सगळ्यांना माहीत झालेले. "दोघंही १९२० सालचे," मॅडम म्हणायच्या, "मास्तर आणि विद्यार्थी एकाच वयाचे. म्हणून विचारा, लाजू नका." आम्ही मान डोलवायचो आणि कुणीही काही विचारायचं नाही. मला त्या गोष्टीत मॅडमना दिसायचं त्यापेक्षा भलतंच दिसायचं. मराठी बोलणारा मुलगा कलकत्त्यात जाऊन इंग्रजीत प्रश्न विचारतो, त्याला मागचा बाक हसला नसेल?

त्याच वर्षी रँडम नंबरांची कोष्टकं हातात आली. पानंच्या पानं भरून नुसते अंक, चार-चारांचे गठ्ठे केलेले, फोटोकॉपीच्या शाईने बोटं काळी करणारे. नमुना निवडायचा तर मनाने नाही, या पानावर डोळे मिटून पेन्सिल टेकवायची आणि तिथून वाचत जायचं. असलं पहिलं कोष्टक ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी १९२७ साली काढलं, ४१,६०० अंकांचं, आणि तेही डोक्यातून नव्हे, जनगणनेच्या अहवालांमधून अंक उचलून. लहानसहान गोष्ट वाटते. पण एवढे शिकलेले लोक एक साधं पान "उगाच काहीतरी" आकड्यांनी भरू शकत नाहीत, त्यासाठी त्यांना बाहेरून आकडे आणावे लागतात, हे मला त्या वयात जरा अपमानास्पदच वाटलं होतं. मी रात्री बसून करून बघितलं. शंभर अंक मनाने लिहिले आणि मोजले. सात भरपूर, शून्य जवळजवळ नाही, एकसारखे दोन अंक शेजारी फक्त दोनदा. दहा तरी यायला हवे होते.

आकडे बाहेरून आणले तरी काम संपत नाही, हे मला माझ्या आजोळी आधीच दिसलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. आजोळ पुसेगावजवळ, खटाव तालुक्यात. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो. पीक कापणी प्रयोगाला माणसं आली की आम्ही पोरं मागोमाग पळायचो. हातात कागद, त्यावर दोन आकडे. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून इतकी पावलं लांबीत, इतकी रुंदीत, तिथे खुंटी ठोकायची. दोरीने चौकोन आखायचा आणि तेवढंच पीक कापून, मळून, वजन करायचं. चौकोन नेमका चांगल्या पट्ट्यात पडला की मामाचा चेहरा उतरायचा, कारण आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या वर गेली की दुष्काळ जाहीर व्हायचा नाही. मग दोरीवर उभं असलेलं एखादं जोमदार धाट बघून तो म्हणायचा, "भाऊसाहेब, हे बाहेरचं हाय बघा." भाऊसाहेब दोरी जराशी ताणून बघायचे. आत की बाहेर. आम्हा पोरांना त्यात काहीच वाटायचं नाही. एक धाट तर होतं.

आणि मग एके दिवशी वर्गात कळलं की याच धाटावरून १९४० च्या दशकात दोन थोर संख्याशास्त्रज्ञांत वाद झाला होता. महालनोबीस बंगालमध्ये पिकांच्या पाहण्या करत होते, लहान लहान तुकडे कापून. खर्च कमी, वेळ कमी. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा लहान असला की उत्पन्न फुगून येतं. कारण कापणाऱ्याचा हात सीमेवरचं रोप आत ओढतो. मुद्दाम लबाडी म्हणून नाही, बरोबरच्या बाजूला झुकावं तसा आपोआप झुकतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने सीमा लांब, म्हणून चूकही मोठी. मी बाकावर ताठ बसले. कारण सुखात्मे मूळचे बुधचे. पुसेगावहून फलटणकडे जाताना लागतं ते बुध. सुट्टीत आजोळी आलं की त्या रस्त्याने एसटीने आम्ही किती वेळा गेलो असू. खिडकीतून बघावं असं तिथे मला कधी काही दिसलं नव्हतं. मॅडमना सांगावंसं वाटलं की मी ते धाट पाहिलंय, फक्त आमच्याकडे हात उलट्या बाजूला झुकायचा. नाही सांगितलं. तास संपला.

दुसऱ्या वर्षाचा तो हिवाळा मात्र मला कुठल्याच कोष्टकात बसवता आला नाही. दिवाळीनंतर आजी गेली. जानेवारीत आप्पांच्या सूतगिरणीला टाळं लागलं. मार्चमध्ये धाकट्या भावाचा हात मोडला, आणि त्याच आठवड्यात माझा रिअल अनालिसिसचा निकाल लागला, एटीकेटी. आळीतल्या बायका आईला म्हणाल्या, कुणाची तरी नजर आहे, हात धुऊन मागे लागलंय. आईने पुसेगावला सेवागिरी महाराजांना नारळ ठेवला, दारात लिंबू-मिरची बांधली आणि मी एकोणीस वर्षांची शहाणी तिला स्वयंपाकघरात उभी राहून रन्सची थिअरी समजावायला लागले. म्हटलं, आई, यात मागे लागण्यासारखं काही नसतं, पुष्कळ दिवस धरले की वाईट गोष्टी सलग यायच्याच, नाण्याचे सलग सहा काटे पडतात तसं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या नाण्याला पोट नाय गं."

मी गप्प झाले. माझी आकडेमोड बरोबर होती, अजूनही आहे. पण त्या संध्याकाळी तव्यावर एकच भाकरी जास्तीची होती आणि ती आईने स्वतःच्या ताटात घेतली नाही, हे मी बघितलं होतं.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट. विषय आम्ही निवडला, साताऱ्याच्या एसटी स्टँडवर दर दहा मिनिटांत किती गाड्या येतात. पुस्तकाप्रमाणे हे पॉइसाँ वितरणात बसायला हवं, म्हणजे सरासरी जेवढी तेवढंच वेरियन्स, आकड्यांच्या फैलावाचं माप. प्रत्यक्षात ज्याने कधी स्टँडवर वाट बघितलीय त्याला माहीत आहे, चाळीस मिनिटं काही येत नाही आणि मग कोल्हापूरच्या तीन गाड्या एकापाठोपाठ एक. आम्ही दोघी तीन दिवस बसलो. डिझेलचा वास, उसाच्या रसाच्या घुंगरांचा आवाज, चौकशीच्या खिडकीतून येणारं ते न समजणारं अनाउन्समेंट. सकाळचे आकडे घेतले, संध्याकाळचे घेतले. दुपारी दोन ते चार ऊन असह्य झालं, आम्ही आइस्क्रीम खायला गेलो आणि ते दोन तास मनाने भरले. हो, मीच. ज्या मुलीच्या पानावर लाल शाईत ७१ लिहिलं गेलं होतं तीच. तीन, चार, तीन, पाच, चार, तीन. खऱ्या तासांत शून्य होते, सात होते, एकदा नऊ होते. दुपारच्या तासांत सगळ्या गाड्या शिस्तीत, जणू एसटी महामंडळाने आमच्या प्रोजेक्टसाठी वेगळं वेळापत्रक लावलं होतं.

गंमत अशी की काय-स्क्वेअर, म्हणजे आकडे अपेक्षेला किती जुळतात याची चाचणी, करून बघितलं तर एकूण आकडे चांगलेच बसले, दुपारमुळे. एक्स्टर्नल खूश. आम्हाला ब्याण्णव मार्क पडले. पुढे फिशरचा १९३६ सालचा मेंडेलवरचा लेख वाचताना मला घाम फुटला. वाटाण्याच्या रोपांचे मेंडेलचे आकडे अपेक्षेच्या इतके जवळ आहेत की ते खरे असणं अवघड, असं फिशरने त्यात मांडलंय, आणि शंका घेतली ती मेंडेलवर नाही, काय यायला हवं हे ज्याला नको इतकं चांगलं ठाऊक होतं अशा एखाद्या मदतनिसावर. मेंडेलचा सिद्धांत खरा होता. माझा पॉइसाँही कदाचित खराच असेल. तरी त्या प्रोजेक्टची काळ्या रेक्झिनची प्रत कॉलेजच्या कपाटात कुठेतरी आहे आणि तिच्यातल्या दोन तासांत साताऱ्याच्या स्टँडवर जे घडलं ते आता कुणालाच कळणार नाही.

एम.एस्सी.ला पुण्यात आले. गणेशखिंडीतली ती वडाची झाडं, जयकर ग्रंथालयात पंख्याखालची जागा पकडायला सकाळी लवकर जायचं, आणि दुपारी जुन्या नियतकालिकांच्या कपाटांमधून उगाच फिरायचं. तिथे कोसंबींची नाण्यांवरची लेखमाला सापडली. दामोदर धर्मानंद कोसंबी, फर्ग्युसनला गणित शिकवायचे, आणि संख्याशास्त्र नीट समजून घ्यायला म्हणून त्यांनी हाताशी धरली ती नाणी. टाकायला नाही, तोलायला. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी, हजारो वर्षांपूर्वीची, एकेक करून अचूक तराजूत. कल्पना अशी की नाणं जितके दिवस हातोहात फिरतं तितकं ते झिजतं, वजन कमी होत जातं, आणि वजनांचा फैलाव वाढत जातो. म्हणजे वजनांवरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज करता येतो. मी ते कोष्टक किती वेळ बघत बसले. प्रत्येक आकड्यामागे एक नाणं, प्रत्येक नाण्यामागे किती बोटं, आणि शेवटी एक माणूस, पुण्यात कुठल्यातरी टेबलाशी, ग्रॅमचा शेवटचा अंश वाचताना श्वास धरून बसलेला. कोण तोलत बसणार, असं त्याला कुणी म्हटलं नसेल असं नाही.

पुण्यातच कळलं की वर्गातल्या गोष्टीतले दांडेकर आणि आमच्या बुधचे सुखात्मे पुढे एकमेकांशी भांडलेही. दांडेकरांनी नीलकंठ रथांबरोबर १९७१ साली गरिबीचा जो अभ्यास केला त्यात माणशी रोज २,२५० कॅलरी ही रेघ होती, तिच्याखाली तो गरीब. सुखात्म्यांचं म्हणणं, माणसाची गरज रोज तीच नसते, शरीर स्वतःच वरखाली करून घेतं, रेघेखालचा प्रत्येक जण उपाशी नसतो. दोघांचेही युक्तिवाद मी नोट्ससकट पाठ केले. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे आईचं ताट यायचं आणि मी कुणाच्या बाजूची हे मला ठरवता यायचं नाही. अजून ठरलेलं नाही. ते २,२५० मोजायलाही कुणीतरी दारोदार गेलं होतं, महिन्यात किती ज्वारी, किती डाळ, किती गोडेतेल असं विचारत. त्यातल्या किती जणांनी दुपारी दोन ते चार झाडाखाली बसून भरलं असेल, हा विचार माझ्याच मनात का येतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

आता माझं काम औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचं. दिवसभर पडद्यावर रकाने. रक्तदाबाचा रकाना उघडला की मी आधी शेवटचा अंक बघते. यंत्राने मोजलेलं असेल तर शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक जवळपास सारखे हजर असतात. माणसाने कानाला स्टेथोस्कोप लावून मोजलेलं असेल तर शून्यच शून्य. १२०, १३०, १४०. यात कुणी फसवत नसतं. पारा उतरत असतो, बाहेर रांग असते, १२७ की १२४ यापेक्षा १३० लिहिणं सोपं असतं. मी शेरा मारते, खुलासा मागवते, पलीकडून दोन ओळींचं उत्तर येतं. मला दर वेळी मामाचं धाट आठवतं, आणि आइस्क्रीम.

तर भाचीची चौथी संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती. मी तिला काही समजावलं नाही, ७१ ची गोष्टही सांगितली नाही. डब्यातून पाच रुपयांचं जुनं जाड नाणं काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, मी टाकते, तू लिही. ती वैतागली, मग मोबाइल बाजूला ठेवला, मग हळूहळू रंगली. काचेवर पडून आवाज फार होतो म्हणून टॉवेल घातला. मधे एकदा नवरा येऊन विचारून गेला, काय पैज लागलीय? एकशेवीसपर्यंत सगळं कसं बेताचं चाललं होतं, आणि तिथून काटा. पुन्हा काटा. पाच झाले तेव्हा ती हसली. सहाला म्हणाली, "मावशी, तू काहीतरी करतेयस." मी नाणं तिच्या हातात दिलं. तिने टाकलं, काटा. परत टाकलं, टॉवेलच्या कडेवरून उडालं, घरंगळत जाऊन फ्रीजला थडकलं, आडवं पडलं आणि तिथूनही आम्हा दोघींना काटाच दिसला. मी उचलायला वाकले तर पायाचा धक्का लागून नाणं आत सरकलं.

आठ.

ती वहीकडे बघत होती. शेजारी जर्नलचं ते पहिलं पान होतं, एकशेतीन आणि सत्त्याण्णव, नीटनेटकं, निळ्या शाईतलं. पेन हवेत धरून म्हणाली, "मावशी, हे असं लिहिलं ना, तर मॅम म्हणतील खोटं आहे."

मी फ्रीजपुढे पोटावर आडवी झाले होते, केरसुणीची एक काडी मोडून नाणं चाचपत. तिथे खूप धूळ होती, एक वाळलेला लसूण होता, आणि मागून पेनाचा आवाज येतोय की नाही ते काही कळत नव्हतं.